सामना संपल्यावर ओ-लाइनची तपासणी कशी करावी

अमेरिकन फुटबॉलमध्ये ओ-लाइन (ऑफेन्सिव्ह लाइन) म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं रक्षण करणारे आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून देणारे पाच जण. 7 फेब्रुवारी 2021 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, टँपा बेने कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सला फक्त 3 वेळा सॅक केलं, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडलं. नुसते आकडे पाहिले तर वाटेल, कॅन्सस सिटीच्या लाइनने काम ठीकठाक केलं. प्रत्यक्षात माहोम्स पाससाठी मागे गेला त्या 56 वेळांपैकी 29 वेळा कुणी ना कुणी त्याच्या अंगावर आलं होतं, आणि संघ 31-9 असा हरला. एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ हे नेहमीचे दोन्ही टॅकल (लाइनच्या दोन टोकांचे खेळाडू) दुखापतीमुळे बाहेर होते, उरलेल्यांची जागा बदलून वेळ मारून नेली होती. माहोम्स पळण्यात पटाईत, म्हणून सॅक तिनावर थांबले. याच्या उलट 22 जानेवारी 2022 ला टेनेसीविरुद्ध सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो 9 वेळा सॅक झाला, तरीही सिनसिनाटीने सामना 19-16 जिंकला.

म्हणजे सामन्याच्या निकालावरून किंवा सॅकच्या आकड्यावरून लाइनचे गुण ठरत नाहीत. गुण ठरतात ते एका साध्या प्रश्नावर, जो प्रत्येक स्नॅपला (चेंडू मागे देऊन सुरू होणाऱ्या प्रत्येक खेळीला) प्रत्येक खेळाडूसाठी वेगळा विचारायचा असतो: याला दिलेलं काम काय होतं, आणि ते झालं का? प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग डोळ्यांना दिसतो. पहिला अर्धा ओळखायला शिकावं लागतं, आणि नवशिक्यांच्या बहुतेक चुका तिथेच होतात.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: एनएफएल नव्याने पाहू लागलेले, आणि अमेरिकेत मुलगा हायस्कूलच्या संघात लाइनवर खेळतो असे आई-वडील. पद्धत दोघांना तीच, फक्त फिल्म वेगळी.

पाच जण कोण

चेंडू स्नॅप करतो तो सेंटर. त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि गार्डच्या बाहेर टॅकल. डावा-उजवा हे लाइनच्या स्वतःच्या नजरेतून, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पाठीमागून पाहिल्यासारखं धरायचं. समोरून पाहिलं की बाजू उलटते आणि वहीत भलत्याच्या नावावर शेरा पडतो. एनएफएलमध्ये या पाच जणांच्या जर्सीवर 50 ते 79 मधला क्रमांक असतो. 'टॅकल' हा शब्द दोन अर्थांनी येतो: जागेचं नाव, आणि प्रतिस्पर्ध्याला पाडण्याची क्रिया. शिवाय समोरच्या संघातही 'डिफेन्सिव्ह टॅकल' असतो. वहीत घोळ नको असेल तर ऑफेन्सच्या (चेंडू असलेल्या संघाच्या) टॅकलना डाटॅ आणि उटॅ, गार्डना डागा आणि उगा, सेंटरला से असं लिहा.

टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहणारा, पासही झेलणारा) आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) हे या पाच जणांत नाहीत, पण ब्लॉक करतात, म्हणजे समोरच्याला अडवतात. त्यांच्यासाठी एक रकाना ठेवाच. कित्येक सॅक त्यांच्या खात्यातले असतात आणि शिव्या मात्र गार्डला पडतात.

फिल्म कुठली घ्यायची

टीव्हीवरचं बाजूने दिसणारं चित्रण लाइनसाठी जवळपास निरुपयोगी. पाचही जण एकमेकांच्या आड जातात, आणि कॅमेरा चेंडूमागे निघून जातो. तुम्हाला हवा तो एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या) मागून, उंचावरून घेतलेला कोन. त्यात दोन खेळाडूंमधली फट, पावलं आणि हात दिसतात. एनएफएलची सर्व 22 खेळाडू दाखवणारी प्रशिक्षकांची फिल्म लीगच्या पैसे भरून घ्यायच्या सेवेत मिळते, तिच्यात हा कोन असतो. हायस्कूलचे बरेच संघ हडल या सेवेवर फिल्म चढवतात. तिथे एंड झोनचा कोन आहे का, ते प्रशिक्षकांना विचारा. नसेल तर पालकांपैकी कुणीतरी बाकाच्या सर्वांत वरच्या ओळीत, गोलपोस्टच्या मागे, ट्रायपॉड लावून उभं राहायचं. स्नॅपच्या 3 सेकंद आधी सुरू, शिट्टीनंतर 2 सेकंदांनी बंद. लाइनचे पाच जण आणि दोन्ही बाजूंचे लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतले खेळाडू) चौकटीत राहतील एवढंच झूम.

टीव्हीचं चित्रण फेकून देऊ नका. डाउन (10 यार्ड मिळवायच्या चार संधींपैकी कितवी), उरलेले यार्ड आणि घड्याळ त्यावरच दिसतं, आणि पंचाने कुणाचा क्रमांक पुकारला तेही तिथेच ऐकू येतं.

फ्रेम-फ्रेम पुढे नेता येणं गरजेचं आहे. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' ही कळ दाबली की एक फ्रेम पुढे जाते. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाच्या कळीने पुढे आणि स्वल्पविरामाच्या कळीने मागे जाता येतं. वेळ मोजायला मोबाइलचं स्टॉपवॉच वापरू नका, बोटाचा उशीर दोन्ही टोकांना मिसळतो. फ्रेम मोजा. सेकंदाला 30 फ्रेमची फिल्म असेल तर अडीच सेकंद म्हणजे 75 फ्रेम.

एका संघाचे एका सामन्यात साधारण 60 ते 65 ऑफेन्सिव्ह स्नॅप होतात. प्रत्येक स्नॅप चार वेळा पाहायचा म्हटलं तर चार तास सहज जातात. भारतातून पाहणाऱ्यांचा रविवारचा दुपारचा सामना इथे रात्री साडेदहा किंवा साडेअकराला सुरू होतो, त्यामुळे त्याच रात्री वही उघडू नका. पेंगुळलेल्या डोळ्यांना सगळेच ब्लॉक चांगले दिसतात.

पहिली फेरी: गुण द्यायचे नाहीत

वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये एका स्नॅपला एक ओळ. रकाने असे: स्नॅपचा क्रमांक, क्वार्टर, डाउन आणि यार्ड, रन की पास, पास असेल तर कुठल्या जातीचा, किती जण चालून आले, किती जण ब्लॉकला थांबले, चेंडू सुटायला लागलेला वेळ, निकाल. मग पाच जणांचे पाच रकाने, सहावा टाइट एंड आणि बॅकचा, आणि शेवटी शेऱ्यासाठी मोठी जागा.

पहिल्या फेरीत फक्त डावीकडचे रकाने भरायचे. हे कंटाळवाणं काम टाळलं की पुढचं सगळं बिघडतं, कारण गुण परिस्थितीवर अवलंबून असतात. पहिल्या डाउनला 10 यार्ड असताना बचाव संघाला रनचीही भीती असते. तिसऱ्या डाउनला 12 यार्ड हवे असतील तर समोरचा एज रशर (टोकावरून चालून येणारा बचावपटू) कान टवकारून फक्त क्वार्टरबॅककडे धावतो. दोन्ही ठिकाणी हरणं सारखं मोजलं तर मोठ्या पिछाडीवर पडलेल्या संघाची लाइन उगाच वाईट ठरते.

पासची जात लिहिणं त्याहून महत्त्वाचं. स्क्रीन पासमध्ये लाइनवाले समोरच्याला मुद्दाम सोडतात आणि पुढे धावतात. नवशिक्या तिथे 'तिघे एकदम हरले' असं लिहून मोकळा होतो. प्ले-ॲक्शनमध्ये रनचं नाटक असतं, त्यामुळे बचाव क्षणभर थबकतो आणि ब्लॉक सोपा जातो. दोन सेकंदांच्या आत सुटणाऱ्या पासमध्ये कुणालाच हरायला वेळ नसतो. या तिन्ही जाती बाजूला काढल्यावर जे उरतात ते खरे कसोटीचे पास. टॅकलची तुलना करायची तर त्यांच्यावरच करा.

काम काय होतं, हे ओळखणं

संरक्षणाच्या दोन मूळ पद्धती आहेत. एकात प्रत्येकाला माणूस वाटून दिलेला असतो. दुसरीत, जिला स्लाइड म्हणतात, प्रत्येकाला फट वाटून दिलेली असते: सगळे एका दिशेला सरकतात आणि आपापल्या फटीत जो येईल त्याला घेतात. प्रत्यक्षात बहुधा अर्धं-अर्धं असतं, म्हणजे तिघे सरकतात आणि दोघे माणूस घेतात.

समजा लाइन डावीकडे सरकते आहे. डाव्या टॅकलची फट त्याच्या बाहेरची, डाव्या गार्डची फट गार्ड आणि टॅकलच्या मधली. टॅकलसमोर उभा असलेला रशर स्नॅप होताच आत घुसला, गार्ड तिथे वेळेवर पोहोचला नाही आणि सॅक झाला. टीव्हीवर रशर डाव्या टॅकलसमोरून निघालेला दिसतो, म्हणून समालोचकासकट सगळे टॅकलचं नाव घेतात. चूक गार्डची. आता तोच स्नॅप माणूस वाटून दिलेल्या पद्धतीचा असता तर चूक टॅकलचीच.

ओळखायचं कसं? पहिली दोन पावलं पाहा. शेजारचे दोघे-तिघे एकाच दिशेला, एकाच कोनात सरकले तर स्लाइड. एखादा सरळ मागे जाऊन समोरच्याकडे बघत थांबला तर त्याच्याकडे माणूस. मग स्नॅपआधी सेंटर किंवा क्वार्टरबॅक कुठल्या लाइनबॅकरकडे बोट दाखवतो ते पाहा. मोजणी त्याच्यापासून सुरू होते, आणि त्यावरून कोण कोणाचा हे बरंचसं कळतं. पहिल्या ड्राइव्हला, म्हणजे संघाच्या पहिल्या चढाईला, समजणार नाही. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत संघाची सवय लक्षात येते, तेव्हा मागे जाऊन पहिले स्नॅप दुरुस्त करा. तरीही एखाद्या ठिकाणी ठरत नसेल तर सरळ प्रश्नचिन्ह टाका. बाहेरून पाहणाऱ्याच्या वहीत सामन्यामागे पाच-सहा प्रश्नचिन्हं असणं प्रामाणिकपणाचं आहे. एकही नसेल तर काहीतरी ठोकून दिलेलं असतं.

समोरच्यांच्या जागेला आकडे असतात, तेही शिकून घ्या. सेंटरच्या नाकासमोर 0, त्याच्या खांद्यावर 1, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर 3, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर 5, आणि टाइट एंडच्याही बाहेर 9. '3 वर उभा, एकट्या उगाने घेतला' एवढ्या मोजक्या शब्दांत पूर्ण चित्र मावतं.

एक स्नॅप, जवळून

तिसरा डाउन, 8 यार्ड. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये, सेंटरपासून 5 यार्ड मागे. समोरून चौघे आले. आपण फक्त डाव्या टॅकलकडे पाहतो आहोत.

स्नॅपची फ्रेम थांबवा. चेंडू हलला तेव्हा टॅकल हलला का? दोन-तीन फ्रेम उशीर झाला तर रशरला अर्धं पाऊल फुकट मिळालं. यजमान प्रेक्षकांच्या गोंगाटात पाहुण्या संघाला आवाजी इशारा वापरता येत नाही. गार्ड सेंटरला हाताने टॅप करतो आणि बाकीचे चेंडूकडे बघून निघतात. तिथे टॅकलचा उशीर जवळजवळ ठरलेला, म्हणून शेऱ्यात 'गोंगाट' लिहा.

पुढच्या 10-15 फ्रेम पायांवर डोळा ठेवा. बाहेरचा पाय मागे, आतला पाय घसरत त्याच्यामागे, पावलं एकमेकांना ओलांडत नाहीत, खांदे अजून समोर. हे बरोबर. पाय ओलांडले किंवा कंबर लवकर बाजूला वळली की आतली वाट मोकळी झाली. रशरला ते दिसतं. तो एक पाऊल बाहेर टाकून आत कापतो. अशा वेळी शेऱ्यात 'दार उघडलं' लिहा. हरण्याचं कारण नेमकं हेच असतं, आणि ते धडक होण्याच्या कितीतरी आधी घडलेलं असतं.

मग हात. दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर, खांद्यांच्या आतल्या बाजूला पडले तर पकड आपली. हात बाहेरून, दंडावर पडले तर रशर ते झटकून टाकतो, किंवा टॅकल जर्सी ओढतो आणि होल्डिंग पुकारलं जातं. हात लवकर फेकले तर शरीर पुढे झुकतं आणि समोरचा वरून हात घालून निसटतो. उशिरा फेकले तर रशरचे हात आधी छातीवर येतात आणि टॅकल मागे ढकलला जातो.

आता 60व्या फ्रेमच्या आसपास, म्हणजे दोन सेकंदांनी, टॅकल कुठे आहे? ढकलला जात असेल तर कंबर खाली घेऊन पाय रोवले का? रशर बाहेरून वळसा घालत असेल तर तो क्वार्टरबॅकच्या मागून निघून जातोय का? तसं झालं तर टॅकल जिंकला, भले रशर पुढे गेलेला दिसो. पण क्वार्टरबॅक स्वतःच 10 यार्ड मागे सरकला असेल तर तो वळसा बरोबर त्याच्यावर येऊन थांबतो. टॅकलने रशरला जिथून जाऊ दिलं तिथे क्वार्टरबॅक असायलाच नको होता. हा सॅक क्वार्टरबॅकच्या नावावर.

असं एका खेळाडूसाठी झालं की फिल्म मागे घ्या आणि उजवा टॅकल पाहा, मग मधले तिघे एकत्र. पाचही जणांना एकदम पाहायचा मोह होतो. तसं पाहिलं की डोळा हरणाऱ्याकडेच जातो, आणि जिंकलेल्या चौघांना फुकटात अधिक चिन्ह मिळतं.

चिन्हं

सुरुवातीला अधिक आणि उणे एवढीच ठेवा. काम झालं तर अधिक, न झालं तर उणे. त्या उण्यामुळे सॅक, क्वार्टरबॅकला धक्का, चेंडू हातातून निसटणं किंवा रनमध्ये मागे पडणं झालं तर उण्याभोवती वर्तुळ. काम झालं पण तंत्र चुकलं तर अधिकाच्या शेजारी 'तं'. प्रतिस्पर्ध्याला आडवं केलं तर अधिकाखाली रेघ. अर्धे-पाव गुण पुढच्या हंगामासाठी ठेवा. पहिल्या महिन्यात 0.5 आणि 1 मधला फरक तुमच्या हातून सारखा राहत नाही.

प्रेशरचे तीन प्रकार वेगळे लिहा: सॅक, पास सुटताना बसलेला धक्का, आणि घाई, म्हणजे क्वार्टरबॅकला जागा सोडावी लागली किंवा फेक बदलावी लागली. घाई ठरवताना रशर किती जवळ आला याकडे पाहू नका, क्वार्टरबॅकच्या पायांकडे पाहा. ते जागचे हलले नाहीत तर घाई नाही.

दोष कोणाचा

प्रत्येक प्रेशरला एक मालक शोधायचा. आधी बेरीज करा. सातजण चालून आले आणि ब्लॉकला सहा थांबले असतील तर एकजण मोकळा सुटणारच. तो गणिताचा दोष. त्या वेळी क्वार्टरबॅकने चेंडू लगेच, मोकळ्या झालेल्या जागेत फेकायचा असतो. पण ब्लॉकला सहा आणि आले पाच, तरी एक मोकळा सुटला तर कुणीतरी माणूस विसरलाय. मग तपासा: दोघे एकावर पडले का? रनिंग बॅक आधी आतल्या बाजूला बघून मग बाहेर गेला, की थेट बाहेर धावला?

घड्याळ बघा. साडेतीन सेकंदांनंतर झालेला सॅक सहसा लाइनच्या नावावर लिहू नये. रिसीव्हर (पास झेलणारे) मोकळे नव्हते किंवा क्वार्टरबॅकने चेंडू धरून ठेवला.

सर्वांत अवघड म्हणजे समोरच्यांची अदलाबदल, स्टंट. आतला डिफेन्सिव्ह टॅकल बाहेरच्या फटीत घुसतो आणि एंड (बचावाच्या लाइनचा टोकाचा खेळाडू) त्याच्या पाठीमागून वळून आत येतो. गार्डने आपल्या माणसाला टॅकलच्या हाती सोपवायचं आणि वळून येणाऱ्या एंडला घ्यायचं. कबड्डीतली साखळी डोळ्यांसमोर आणा: दोघांचे हात एकमेकांत आहेत तोवर चढाईपटूला वाट नाही. इथे हात धरलेले नसतात, पण दोघे एकाच खोलीवर, खांद्याला खांदा लावून असायला हवेत. गार्ड एक यार्ड पुढे आणि टॅकल एक यार्ड मागे असेल तर सोपवताना दोघे एकमेकांवर आदळतात आणि एंड मोकळा येतो. गार्ड आपल्या माणसामागे फार बाहेर गेला तर दोष गार्डचा. टॅकल एंडच्या मागे आत शिरला तर टॅकलचा. खोली चुकली असेल तर दोघांनाही उणे, आणि ते निःसंकोच द्या.

मदत मिळाली का, हेही टिपा. टाइट एंडने जाता-जाता रशरला खांदा दिला किंवा मोकळा गार्ड मदतीला आला तर त्या अधिकाला 'म' लावा. दिवसभर मदत मिळालेला टॅकल आणि दिवसभर एकटा लढलेला टॅकल यांचे टक्के सारखे आले तर दुसरा कितीतरी चांगला खेळला.

रन

रनमध्ये आधी जात ओळखा. पाचही जण पहिलं पाऊल एकाच बाजूला टाकतात तर झोन. एखादा गार्ड लाइन सोडून मागून दुसऱ्या बाजूला धावतो आणि उरलेले आतल्या बाजूला ढकलतात तर पॉवर किंवा काउंटर. झोनमध्ये शेजारचे दोघे मिळून डिफेन्सिव्ह टॅकलला आधी हलवतात, मग त्यातला एक सुटून लाइनबॅकरकडे जातो. सगळी कला कधी सुटायचं यात आहे. लवकर सुटला तर मागे राहिलेल्याला डिफेन्सिव्ह टॅकल फोडून निघतो. उशिरा सुटला तर लाइनबॅकर फटीत येऊन बॅकची वाट बघत उभा असतो. म्हणून इथे दोघांना मिळून आधी एक चिन्ह द्या आणि मग कोणाचं चुकलं ते ठरवा.

धडकेनंतर एका सेकंदाने फिल्म थांबवा. दोन्ही लाइनचा ढीग स्नॅपच्या जागेच्या पुढे आहे की मागे? मैदानावरच्या छोट्या खुणा एकेक यार्डावर असतात, त्या मोजा. टीव्हीच्या चित्रात स्नॅपच्या जागेवर निळी रेघ असते, तीही चालेल. ढीग सतत एक यार्ड पुढे असेल तर लाइनने दिवस गाजवला, मग बॅकने काहीही केलेलं असो.

दोन सापळे लक्षात ठेवा. काही रनमध्ये मागच्या बाजूचा एंड मुद्दाम मोकळा सोडतात, कारण क्वार्टरबॅक त्याच्याकडे पाहूनच चेंडू द्यायचा की ठेवायचा हे ठरवतो. त्याने बॅकला पाडलं तर वाचन चुकलं, टॅकल नव्हे. दुसरा सापळा बॅकचा: फट उजवीकडे उघडली आणि तो डावीकडे कापला. एंड झोनच्या कोनातून हे लख्ख दिसतं. फट दिसली तर लाइनला अधिक द्या, रन शून्य यार्डाचा असला तरी.

यार्डांचा हिशेब करायचाच असेल तर सरळ सरासरी काढू नका. फुटबॉल आउटसायडर्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाने रूढ केलेलं वजन साधं आहे: मागे गेलेले यार्ड 120 टक्के, 0 ते 4 यार्ड पूर्ण, 5 ते 10 यार्ड निम्मे, 11च्या पुढचे शून्य. तर्क असा की पहिले चार यार्ड लाइनचे, पुढचे हळूहळू बॅकचे. चार रन घ्या: उणे 2, 3, 6 आणि 20. सरळ सरासरी 6.75 येते, म्हणजे जोरात काम. वजन लावलं की उणे 2.4, 3, 5 आणि 7, बेरीज 12.6, सरासरी 3.15. एका लांब धावेने झाकलेली लाइन उघडी पडली. त्यांच्या मूळ आकड्यात प्रतिस्पर्धी आणि परिस्थितीचाही हिशेब असायचा, घरच्या वहीला एवढं पुरे. तिसऱ्या किंवा चौथ्या डाउनला 2 यार्ड किंवा कमी हवे असताना किती वेळा मिळाले, तेही वेगळं लिहा.

दंड

फॉल्स स्टार्ट (स्नॅपआधीच हलणं) 5 यार्ड, होल्डिंग 10. होल्डिंगच्या शेजारी कारण लिहाच: हरल्यामुळे धरलं, की जिंकलेला असताना हात बाहेर राहिला? पहिलं ताकदीचं किंवा पायांचं दुखणं आहे, दुसरं सवयीचं आणि आठवड्याभरात सुधारणारं. पासच्या वेळी लाइनवाला फार पुढे गेल्याचा दंड 5 यार्डांचा. मर्यादा एनएफएलमध्ये 1 यार्ड, कॉलेजात 3, हायस्कूलमध्ये 2. रन की पास हे स्नॅपनंतर ठरवायच्या खेळींमध्ये हा दंड वरचेवर येतो, आणि तिथे बहुधा क्वार्टरबॅकने फेकायला वेळ लावलेला असतो.

बेरीज आणि छापील आकडे

समजा डाव्या टॅकलचे 64 स्नॅप. पासचे 38, त्यात 34 अधिक: 89 टक्के. रनचे 26, त्यात 19 अधिक: 73 टक्के. एकत्र 83. एकत्र आकडा शेवटी लिहा आणि त्याकडे फारसं पाहू नका. पासमध्ये 89 टक्के ऐकायला छान, पण उरलेल्या चारपैकी दोन वर्तुळातले असतील तर टॅकलसाठी दिवस खराबच. गार्डला त्याच चार उण्यांत दोन घाई आणि दोन किरकोळ ढकलण्या असतील तर चालतं. बदली खेळाडू आला असेल तर त्याचे स्नॅप वेगळे मोजा, आणि शेजाऱ्याचे स्नॅपही बदलीच्या आधीचे-नंतरचे असे तोडा. गार्ड बदलला की सेंटरचे गुण घसरतात, हे हमखास दिसतं.

वही पूर्ण झाल्यावरच छापील आकडे उघडा, आधी पाहिले तर डोळे तेच शोधतात. पीएफएफ (प्रो फुटबॉल फोकस) या विश्लेषण कंपनीचे लोक फिल्म पाहून प्रत्येक खेळीला उणे 2 ते अधिक 2 असे अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने गुण देतात आणि मग ते 0 ते 100 वर आणतात. ईएसपीएनचा पास ब्लॉक विन रेट खांद्यांच्या पॅडमधल्या चिपच्या नोंदींवर चालतो: ब्लॉक अडीच सेकंद टिकला तर जिंकला. त्यामुळे 2.6 सेकंदांनी हरलेला टॅकल एका ठिकाणी विजयी आणि दुसऱ्या ठिकाणी सॅकचा धनी असू शकतो. तुमचे गुण त्यांच्याशी जुळले नाहीत तर नेमका तो स्नॅप काढा आणि बहुतेक वेळा काम काय होतं यावरच मतभेद निघेल.

प्रतिस्पर्धी कोण होता, हे वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहा. 9 फेब्रुवारी 2025 च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाने एकदाही ब्लिट्झ न करता (चौघांपेक्षा जास्त जण न पाठवता) माहोम्सला 6 वेळा सॅक केलं. चौघेच आले आणि पाच-सहा जणांना पुरून उरले. त्या दिवशी एरवी गार्ड असलेला जो थूनी डाव्या टॅकलला उभा होता. अशा सामन्यातलं 80 टक्के आणि दुबळ्या संघासमोरचं 80 टक्के एका तराजूत घालता येत नाही.

शेवटी प्रत्येक खेळाडूसाठी तीनच ओळी लिहा: काय जमलं, कुठे हरला, पुढच्या आठवड्यात कुठल्या फ्रेमकडे पाहायचं. उदाहरणार्थ: 'उगा. पासमध्ये 3 वरच्या माणसाला एकट्याने 11 पैकी 10 वेळा घेतलं. दोन स्टंटमध्ये एक यार्ड पुढे राहिला, दोन्ही वेळा उटॅला धडकला. पुढच्या सामन्यात तिसऱ्या डाउनला पहिल्या 20 फ्रेममध्ये त्याची खोली बघणे.'